जेनेझिओच्या सात तारा

जेनेझिओची गिटार सात तारांची होती आणि तिच्या खुंट्यांना त्याच्याखेरीज कुणाचा हात लागलेला मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्याच्या बायकोचाही नाही. ती बिचारी, देव तिला सुखात ठेवो, घरभर धूळ पुसायची आणि गिटारपाशी आली की फडकं नवऱ्याच्या हातात द्यायची.

मी ओस्मुंदो. पोस्टात होतो, आता घरी असतो. शनिवारी दुपारी रिओच्या ओलारिया वस्तीत आर्मिंदोच्या बारमध्ये आमची शोरोची, आमच्या जुन्या वाद्यसंगीताची, बैठक बसते, तिच्यात मी खंजिरी वाजवतो. पांदेइरो म्हणतात तिला आमच्याकडे. लोकांना वाटतं, खंजिरी काय, कुणीही बडवावी. वाटू दे. आमच्या बैठकीचे कायदे कुठे लिहून लावलेले नव्हते, पण मोडणाऱ्याची खैर नसायची. नवख्यानं मागे उभं राहायचं, जेनेझिओनं खूण केली तरच खुर्ची ओढायची. टेबलाशी बसून टणटण करत तारा जुळवायच्या नाहीत, घरून जुळवून यायचं. आणि दुसऱ्याच्या वाद्याला हात लावायचा नाही, मालक संडासात गेला असला तरी नाही.

जेनेझिओ आठवडाभर छापखान्यात खिळे जुळवायचा आणि शनिवारी आम्हाला जुळवायचा. बासरीवाला वर कितीही गिरक्या घेऊ दे, खालून त्याचा अंगठा चालत असायचा. अंगठ्यात पोलादी नखी, आणि सातवी तार चेलोची, दोरखंडासारखी जाड. त्या तारेवरून तो असा काही खाली उतरायचा की आर्मिंदो ग्लास विसळायचा थांबायचा. आर्मिंदो पोर्तुगीज, त्याला एरवी भूकंपानंही थांबवता आलं नसतं.

जुसारा त्याची एकुलती एक मुलगी आणि माझी धर्मकन्या. बाप्तिस्म्याला मी तिला हातात धरली होती, तेव्हापासून तिचा काका. ती पहिल्यांदा चालली तेव्हा जेनेझिओनं तिच्यावर एक शोरो बांधला, ‘जुसाराची पावलं’. त्यात खालच्या तारा दोन पावलं टाकतात, अडखळतात, पडतात, पुन्हा उठतात. आई लवकर गेली, म्हणून पोरगी बापाच्या मांडीवर, गिटारच्या मागेच वाढली. बारा वर्षांची असताना त्यानं तिला बैठकीत बोलावलं आणि तिनं बापाच्या खालच्या चाली अशा वाजवल्या की लाउरो, आमचा कावाकिन्यो म्हणजे चार तारांची इवलीशी गिटार वाजवणारा, मला म्हणाला, “ओस्मुंदो, आता म्हाताऱ्यांनी घरी जावं.”

म्हातारे घरी गेले नाहीत. तीच गेली, न्यूयॉर्कला. शिकायला जाते म्हणाली. काय शिकली ते पुढे कळलं.

तिथे तिनं दोघांबरोबर एक रॉकचं टोळकं काढलं. रॉक म्हणायचं आपलं, कारण वाद्यं विजेची होती. ढोल वाजवायला एफ्राइन, ब्रॉन्क्समधला पोर्तो रिकोचा पोरगा, तो ढोलाबरोबर मोटारीच्या चाकाचं लोखंडही बडवायचा. गायला मार्नी नावाची एक उंच मुलगी, जी गायची कमी आणि ओरडायची जास्त. आणि जुसाराची गिटार. तिच्या तारा ती जुळवतच नसे. मुद्दाम. दुकानातून आणली तशी, उतरेल तशी, चढेल तशी. डाव्या हाताने मान आवळून धरायची आणि उजव्याने त्या बेसूर तारांवर तुटून पडायची.

पहिली रेकॉर्ड तिनं बापाला पाठवली. जेनेझिओनं स्वच्छ शर्ट घातला, मला बोलावलं, सुई ठेवली. थोड्या वेळानं उठून म्हणाला, “मशीन बिघडलंय.” आणि खरंच ते काखोटीला मारून शेजारच्या रामोस वस्तीतल्या कारागिराकडे घेऊन गेला. कारागिरानं उघडून पाहिलं, तेल घातलं, म्हणाला यात काही दोष नाही. मी हसून हसून बेजार झालो होतो. जेनेझिओ घरी येईपर्यंत माझं हसू ओसरलं. त्यानं रेकॉर्ड पाकिटात घातली, आणि पाकीट कपाटावर टाकलं.

मग एका वर्षी त्या तिघांना रिओच्या एका थिएटरनं बोलावलं. न्यूयॉर्कच्या कुठल्या पेपरात म्हणे छापून आलं होतं की या मुलीच्या गोंगाटात ब्राझीलची लय आहे. शनिवारी ती त्या दोघांना आर्मिंदोकडे घेऊन आली. मी जरा हात धुवायला गेलो आणि परत येतो तर एफ्राइन माझ्या खुर्चीत बसून माझी खंजिरी वाजवतोय. वाईट वाजवत नव्हता, ते आणखी वाईट. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. जेनेझिओचा चेहरा पांढरा पडला होता.

“काका, रागावू नका,” जुसारा म्हणाली. “आमच्यात तसं नसतं. कुणीही कुणाचंही उचलतं. मार्नी तर गाणं चालू असताना मागून येऊन माझ्या खुंट्या पिळते.”

“आणि तू पिळू देतेस?” जेनेझिओनं विचारलं.

“मजा येते, बाबा. पुढे काय निघेल ते मलाही माहीत नसतं.”

“उद्या तुझे दात कुणाच्याही तोंडात बसवा म्हणावं,” तो म्हणाला. लाउरो हसला. बाकी कुणी हसलं नाही.

थिएटरात जेनेझिओ पांढरा सूट घालून पहिल्या रांगेत बसला. शेवटपर्यंत बसला हे सांगायला हवं, कारण माझ्या मागचे निम्मे लोक उठून गेले होते. नंतर ती घामाने निथळत पायऱ्यांवर आली.

“कसं वाटलं, बाबा?”

“तुला सूर कळत नाही असं नाही. मी शिकवलेत.”

“मग?”

“मग काय? आंधळा ठेचकाळला तर मी हात धरेन. डोळे असून जो मुद्दाम भिंतीवर आपटतो, त्याचं मी काय करू?”

“आवडलं म्हणू नका,” ती म्हणाली. “मी मागतच नाही तेवढं. माझी मुलगी वाजवते, एवढं म्हणा. एकदा म्हणा फक्त.”

“ते वाजवणं नव्हे.”

ती आत निघून गेली. बसमध्ये मी त्याला म्हटलं, “गाढवा, तिचा उजवा हात ऐकलास का? वरचं सोड. खालून सगळा तुझा अंगठा चालला होता. तीच चाल, तसाच दम खाऊन येणारा ठोका.” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “चोरीचा माल.”

त्यानंतर बापलेकीचं बोलणं तुटलं. फोन माझ्याकडे होता आणि जेनेझिओचं घर समोरच. दर रविवारी ती माझ्याकडे फोन करायची, मी तिला त्याच्या खोकल्यापासून सगळं सांगायचो. शेवटी ती विचारायची, “माझ्याबद्दल काही म्हणाले?” नाही म्हणायला माझा जीव होत नसे. मग मी हवापाण्यावर यायचो. तिला कळायचंच.

अशी पाच वर्षं गेली.

कार्निव्हलच्या मंगळवारी संध्याकाळी जेनेझिओनं अंगणात बसून गिटार जुळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमधून कपाळाला राख लावून आला आणि न्हाणीघरात कोसळला. डावी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, तोंड एका अंगाला ओढलं गेलं. जीभ जड झाली पण शिव्या शाबूत होत्या. हॉस्पिटलमधून घरी आणला तेव्हा पहिली शपथ त्यानं मला घातली, “पोरीला कळवायचं नाही.”

“अरे, पण का?”

“ती येईल म्हणून.”

गिटारवाल्याचा डावा हात गेला म्हणजे काय गेलं, हे मी सांगायला नको. सूर डावा हात धरतो. उजवा नुसता छेडतो. माझ्यासारख्या खंजिरीवाल्याचा गेला असता तर मी काहीतरी जुगाड केला असता. त्याची विधवा बहीण सेलिना त्याच्याकडे राहायला आली. तिनं त्याच्या सांगण्यावरून गिटार उशाशी खुर्चीवर उभी केली, उजवा हात पोचेल अशी. सकाळी कॉफी झाली की तो नखी चढवायचा आणि अंगठा सातही मोकळ्या तारांवरून ओढायचा. पुन्हा दुपारी. पुन्हा दिवे लागायच्या वेळी. बस, तेवढंच. वर डोळे मिटून पडून राहायचा.

आमच्याकडची हवा खारट आणि दमट, तारा काय टिकणार! एप्रिलमध्ये सातवी ढिली पडली. मग बाकीच्या, एकेक करत, आपापल्या चालीनं. जून येईपर्यंत त्या खोलीत बसवेना. तो अंगठा ओढायचा आणि माझे दात शिवशिवायचे. मी तर सरळ कानात बोटं घालायचो.

“लावून देऊ का?” मी एकदा विचारलं.

“हात लावलास तर दोन ठेवून देईन.”

“कुठल्या हाताने?” माझ्या तोंडून गेलं, आणि मग जीभ चावली. पण तोच आधी हसला, त्या वाकड्या तोंडानं, आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मला वाटलं, म्हातारा स्वतःला शिक्षा करून घेतोय. दुखतं तिथेच बोट दाबून बघतो ना माणूस, तसं काहीतरी.

सप्टेंबरात सेलिनाचाच धीर सुटला. तिनं माझ्या घरी येऊन न्यूयॉर्कला फोन लावला. पलीकडून मला जे ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही. त्याच आठवड्यात जुसारा दारात उभी. डोकं भादरलेलं, पायांत लष्करी बूट. पण उंबऱ्यावरच वाकली.

“आशीर्वाद द्या, काका.”

“देव तुझं भलं करो,” मी म्हटलं. “आणि टोपी घाल, सेलिना बेशुद्ध पडेल.”

ती येणार कळल्याबरोबर जेनेझिओनं मला गिटार कपाटात ठेवायला लावली होती. “आता नको. मी सांगेन तेव्हा काढ.” मला वाटलं, मुकी गिटार पोरीच्या नजरेला पडू नये अशी त्याची इच्छा असेल. दोन्ही हातांनी उचलून आत ठेवली मी, लहान पोरासारखी, खुंट्यांना धक्का न लावता.

भेट झाली ती अशी.

“आलीस?”

“आले.”

“बारीक झालीस.”

“तुम्हीपण.”

“केस कुठे गेले?”

“तुमचे गेले तिकडेच, बाबा.”

सेलिना स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिच्यामागे कॉफी करायच्या निमित्तानं गेलो आणि तेच केलं.

पहिले काही दिवस जुसारा नुसती त्याच्या पलंगाशी बसून असायची. त्याला भरवायची, दाढी करून द्यायची. थिएटरचं नाव कुणी काढलं नाही. एका सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. डोळे तिच्या आईचे, काही सुचलं की मोठे व्हायचे, ते तसेच झाले होते.

“काका, त्यांचा अंगठा बघितलात? चादरीवर सारखा चालू असतो. नखी काढतच नाहीत.”

“जुनी खोड.”

“खोड नाही. ते वाजवतात. काल मी नीट बघितलं, ‘जुसाराची पावलं’ होतं.” ती बसली. “आता ऐका. माझा डावा हात काय करतो?”

“काही नाही. तुझ्या बापाचं तेच तर म्हणणं आहे.”

“बरोबर. काहीच नाही! आठ वर्षं मी एका हाताची गिटार वाजवतेय. मग त्यांना का येऊ नये?”

तिचं म्हणणं असं होतं. गिटारी मांडीवर घ्यायच्याच नाहीत, टेबलावर आडव्या ठेवायच्या. एक नाही, तीन. प्रत्येक तार आधीच नेमक्या सुराला लावून ठेवायची, त्या शोरोत जो सूर लागतो त्याला. म्हणजे कुठे दाबायला नको, डावा हात नको, नुसता अंगठा या तारेवरून त्या तारेवर न्यायचा. वीसएक तारांत ‘जुसाराची पावलं’च्या खालच्या सगळ्या चाली बसत होत्या. तिनं कागदावर काढून बघितलं होतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याचा वाढदिवस, तेव्हा समोर मांडायचं.

“मी वाजवते असं त्यांनी म्हटलं नाही. नका म्हणू,” ती म्हणाली. “पण त्यांचं त्यांना परत द्यायला मला येत असेल, आणि तेही माझ्याच पद्धतीनं, तर मग ते म्हणाले काय आणि न म्हणाले काय.”

हे ती म्हणाली खरी. पण तिचा चेहरा बघितला असतात तर कळलं असतं, तिला त्याच्या तोंडून ते हवंच होतं. तेवढ्यासाठीच सगळं चाललं होतं.

लाउरोनं त्याची जुनी गिटार दिली. दुसरी फादरनी दिली, चर्चच्या पोरांची, एका बाजूनं चिरलेली. व्यायामाला मी जेनेझिओला हॉस्पिटलात घेऊन जायचो आणि तेवढ्या वेळात ती काम उरकायची. एकदा परत आलो तर ती अंगणात भेटली, हाताला तेलाचा वास, चेहरा लखलखीत.

“बाबांची पण लावून झाली,” ती माझ्या कानात म्हणाली.

“त्याची गिटार? कपाटातली? त्याला विचारलंस?”

“विचारलं तर वाढदिवसाचं काय राहिलं? आणि काका, काय हाल झाले होते तिचे! मी उघडली आणि मला रडू आलं. एक तार दुसरीला ओळख देत नव्हती. मला सहन होतं हो, माझी असली तर. पण बाबांची गिटार अशी?” तिनं डोळे पुसले. “खुंट्या गंजल्या होत्या, तेल घालून फिरवल्या. आता बघाच. जन्मात पहिल्यांदा इतकी जीव लावून जुळवलीय मी गिटार.”

मला बरंच वाटलं. म्हटलं, पोरगी बापाच्या रस्त्याला लागली.

वाढदिवसाला सेलिनानं भलं मोठं पातेलंभर फेजोआदा, म्हणजे काळ्या घेवड्याचं मांस घातलेलं कालवण, रांधलं. आर्मिंदो बार बंद करून आला, आजवर ते त्याच्या आईच्या अंत्ययात्रेलाच घडलं होतं. जेवणं झाली आणि जुसारानं बाहेरच्या खोलीत टेबलावरची चादर ओढली. तीन गिटारी आडव्या, शेजारी शेजारी, सगळ्यात जवळ सात तारांची. आम्ही जेनेझिओची खुर्ची टेबलाशी नेली.

“डावा हात लागत नाही, बाबा,” ती म्हणाली. “हा बघा, इथून सुरू. नुसता अंगठा. पडला तरी इथेच पडतो, या तारेवर.”

तो गिटारकडे बघत राहिला. मग नखी सरळ केली आणि पहिली तार छेडली.

दोन पावलं. अडखळणं. पडणं. पुन्हा उठणं. बासरीवाला वरून हळूच सामील झाला, मी बोटांच्या टोकांनी खंजिरी धरली, लाउरो आला. मधे दोनदा त्याचा अंगठा चुकला, तो थांबला, जुसारानं तार दाखवली, तो पुढे गेला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, वाकड्या बाजूनं हनुवटीवर आणि तिथून थेट गिटारवर. आम्ही सगळेच रडत होतो. शेवटचा सूर संपला तशी आर्मिंदोनं त्याचं टक्कल दोन्ही हातांत धरून मुका घेतला. जुसारा भिंतीला टेकून उभी होती. इतकी सुखी मी तिला लहानपणीही पाहिली नव्हती.

मंडळी अंगणात कॉफीला गेली. मी खंजिरी पिशवीत घालायला मागे राहिलो होतो.

“सुरात लावलीस,” जेनेझिओ म्हणाला.

“हो. चुकलीय का कुठे?”

“नाही. केसभरही नाही.” त्यानं मोकळ्या तारांवरून अंगठा नेला, सकाळी कॉफीनंतर न्यायचा तसा. सात सूर निघाले, गोड, स्वच्छ. त्यानं डोळे मिटले. “कधी लावलीस?”

“मंगळवारी. तुम्ही व्यायामाला गेला होतात.”

“मंगळवारी,” तो म्हणाला. “तू येणार कळलं तेव्हा मी ओस्मुंदोला म्हटलं, आत ठेव. तुला ऐकवायची होती.”

“काय?”

“तीच. जशी होती तशी.” जड जिभेनं त्याला थांबत थांबत बोलावं लागत होतं. “राखेच्या बुधवारपासून मी तिला ऐकत होतो. आधी वाटायचं, कुणी दात उपटतंय. ओस्मुंदो तर कानात बोटं घालायचा. मग ती आणखी उतरली. सातवी इतकी खाली गेली की नुसती गुरगुरायची. तिसरी तिच्याशी भांडायची. आणि वरच्या दोन अशा जवळ आल्या... कशा जवळ, ते नाही सांगता येत. मी अंगठा ओढायचो आणि मला तू ऐकू यायचीस. त्या थिएटरातली. तेव्हा नव्हतं आलं ऐकू, आता यायचं. रोज थोडं जास्त.” तो दम खायला थांबला. “तू भिंतीवर आपटत नव्हतीस, पोरी. मला भिंत दिसत होती, तुला दार.”

जुसारा भिंतीपासून सुटून सरळ उभी राहिली.

“म्हटलं, नुसतं बोललो तर तुला पटायचं नाही. म्हातारा मरायला टेकला म्हणून गोड बोलतोय, म्हणशील. वाजवूनच सांगावं. आज सांगणार होतो. वाढदिवस आहे, म्हटलं आज काढायची गिटार बाहेर.”

ती एका झेपेत टेबलाशी आली. “कशी होती? सातवी किती खाली?” खुंटी पिळली. तार लोंबली, गुरगुरली. “अशी?”

“नाही.”

“आणखी? अशी?”

“नाही. जरा... नाही.”

“तिसरी बघा. ही? बाबा, ही?”

“जवळ आहे. पण नव्हे.”

आयुष्यभर तिनं हेच केलं होतं, तारा वाटेल तशा उतरवणं. जगात तिच्याइतकं ते कुणाला येत नसेल. आणि तिला ते सात सूर सापडेनात. तिनं ते ऐकले होते ना, कपाट उघडलं तेव्हा! पण तेव्हा तिनं कान दिला तो नीट करण्यापुरता. अंगणातली मंडळी एकेक करून निरोप न घेताच गेली. ती खुंट्या पिळत राहिली, अंगठा ओढत राहिली, बापाकडे बघत राहिली. तो आधी लगेच नाही म्हणायचा. मग थांबून म्हणायला लागला. मग त्यानं मान हलवली.

“राहू दे, पोरी. आता मलाही नीट आठवत नाही. तू नवीन वाजवतेस आणि जुनं पुसलं जातं.”

तिचे हात तारांवरच राहिले.

“वाजवतेस तू,” तो म्हणाला. “माझी मुलगी वाजवते. ऐकलंस ना, ओस्मुंदो? मी म्हटलं.”

“म्हणालास,” मी म्हटलं.

“नका ना म्हणू आता,” जुसारा म्हणाली, आणि टेबलावर डोकं ठेवून ती अशी रडली की तिन्ही गिटारी तिच्याबरोबर वाजत होत्या.

तिनं पुन्हा त्या साऱ्या तारा शोरोसाठी जुळवून दिल्या, आणि तो रोज संध्याकाळी ‘जुसाराची पावलं’ वाजवायचा. तिनं केलं होतं म्हणून वाजवायचा, हे मला कळत होतं. तीही ऐकत बसायची, त्याच्यासाठी. दोघं एकमेकांकडे बघून हसायची. मला त्या खोलीत बसवत नसे, आणि या खेपेला सगळं सुरात होतं. नोव्हेंबरात झटका पुन्हा आला आणि त्यातून तो उठला नाही. बैठकीनं त्याला वाजवत पोचवला. जुसारानं काही वाजवलं नाही.

ती न्यूयॉर्कला परत गेली, पण गिटार नेली नाही. माझ्या घरी, समुद्राकडच्या खोलीत, जिथे भिंतीला ओल असते, तिथे ती खुर्चीवर उभी आहे. तिला मी हात लावत नाही, कुणाला लावू देत नाही. फक्त रविवारी फोन वाजला की फोन लांब दोरीनं ओढत तिच्यापाशी नेतो, बोलायची बाजू तारांसमोर धरतो आणि अंगठा सातही तारांवरून ओढतो. मग कानाला लावतो. ती म्हणते, “नाही, काका. हे नाही.”

परवा तिनं विचारलं, “तुम्ही तर रोज तिथे होतात. महिनोन्‌महिने ऐकलंत. जवळ तरी येतंय का?”

मी तिथे होतो. रोज होतो, आणि कानात बोटं घालून बसलो होतो. त्या आवाजातला कण माझ्यापाशी उरलेला नाही. मला तेव्हाचं आणि आत्ताचं सगळं सारखंच बेसूर लागतं.

“येतंय,” मी म्हटलं. “सातवी आता गुरगुरायला लागलीय बघ.”

“खरंच?”

“खरंच.”

“मग पुढच्या रविवारी पुन्हा बघू,” ती म्हणाली.